पावनंबरबाईंची गाडी

वर्कशॉपात तिला सगळे पावनंबरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण ती फाटकातून आत शिरली की कुणीतरी ‘आली पावनंबर’ असं पुटपुटे आणि ते तिला ऐकू येई. तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. नाव खोटं नव्हतंच. गेली सव्वीस वर्षं ती एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासत होती. पाव नंबराचा फरक म्हणजे तिच्या लेखी डोंगराएवढा फरक. टायरमध्ये हवा भरतानासुद्धा ती सांगे, “पुढं बत्तीस, मागं तेहतीस.”

“सगळीकडे बत्तीसच भरतो की. काय बिघडतंय?” हवावाला म्हणे.

“बिघडत काही नाही. पण कळतं.”

त्रेपन्न वर्षांची, ठेंगणी, केस मागे घट्ट बांधलेले, बोटांच्या पेरांत कायम काचेची पांढरी भुकटी. लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणण्यापेक्षा राहून गेलं होतं. आधी थोरल्या बहिणीचं व्हायचं होतं म्हणून थांबली, मग वडील गेले म्हणून थांबली, मग आईच्या कमरेखालचा जोर गेला आणि थांबायलाही कारण लागेनासं झालं.

गाडी आईसाठीच घेतलेली. वापरलेली, लहानशी, चढ आला की एसी बंद करावा लागे अशी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, आईला इस्पितळात न्यायचं. आई शेजारच्या सीटवर, एक उशी कमरेमागे, एक मानेखाली. घर ते इस्पितळ अकरा गतिरोधक. प्रत्येकाच्या आधी आई म्हणायची, “हळू गं.” ती हळूच असायची. गाडी याहून हळू चालवली असती तर बंद पडली असती. तरी आई म्हणायची, आणि ती “हो” म्हणायची. नऊ वर्षं त्या गाडीनं तिसरा गिअर क्वचितच पाहिला.

आई गेल्यानंतरच्या एका मंगळवारी ती नेहमीच्या वेळी उठली, आवरलं, गाडी काढली आणि इस्पितळाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथला रखवालदार ओळखीचा. तो खुर्ची ढकलत पुढं आला आणि गाडीत डोकावून थांबला.

“आज कुणी नाही?”

“नाही. सवयीनं आले.”

त्यानं मान हलवली. त्याला हे नवीन नसावं.

परत येताना तिला पहिल्यांदाच पुढच्या चाकाखालून येणारा आवाज ऐकू आला. कटकट, कटकट. आवाज कित्येक वर्षांचा असणार. पण इतकी वर्षं तिचे कान शेजारच्या सीटकडे लागलेले.

मिस्त्री साठीचा, एका कानानं कमी ऐकणारा. हातात कायम चहाचा ग्लास, पण तो पिताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं गाडी उचलून खाली टॉर्च मारला.

“बुश गेलेत, बाई. रबराचे असतात. त्यांचा पार चोथा झालाय. चाकाला धरून ठेवणारं काही उरलंच नाही.”

“मग इतके दिवस चालली कशी?”

“चालते. सवय झाली की सगळंच चालतं.”

बुश बदलले. संध्याकाळी ती गाडी घेऊन निघाली, पहिल्या कोपऱ्यावर स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली. एवढंच. पण आजवर ती स्टिअरिंग वळवायची, मग गाडी जरा विचार करायची आणि मग आळोखेपिळोखे देत वळायची. आज तिनं विचारलं आणि लगेच उत्तर आलं. ती चौकाला वळसा घालून परत आली आणि तोच कोपरा पुन्हा घेतला. मग तिसऱ्यांदा. घरी जायची घाई नव्हती. घरी तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

तिथून सुरुवात झाली.

मिस्त्रीचं एक ठरलेलं प्रवचन होतं आणि नवं गिऱ्हाईक मिळालं की तो ते सोडत नसे. “लोक येतात आणि म्हणतात, गाडी पळवायचीय, आवाज वाढवा. आवाज वाढवून काय होतं? शेजारी जागे होतात. लहान गाडीला जोर देणं महाग, वळण देणं स्वस्त. आधी पाया, मग कळस. पहिले टायर, मग ब्रेक, मग शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा. इंजिनाला हात लावायचा नाही. ते बिचारं आहे तेवढं करतंय.”

हे तिला पटलं. तीही आयुष्यभर आहे तेवढंच करत आली होती.

मग दीड वर्षात एकेक गोष्ट झाली. त्याच मापाचे पण मऊ रबराचे, रस्त्याला चिकटून राहणारे टायर. चांगले ब्रेक पॅड. त्याच गाडीच्या जरा वरच्या मॉडेलच्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर, थोड्या बुटक्या, थोडे कडक, म्हणजे वळणावर गाडी बाजूला कलत नाही. मागच्या दोन चाकांना जोडणारी जाड सळई तर तिनं स्वतः भंगारबाजारात शोधली. दोन रविवार गुडघ्यावर बसून, हातमोजे घालून. भंगारवाला म्हणाला, “मावशी, सळई घेताय की सून बघताय?” तिनं सळईची जाडी कॅलिपरनं मोजली आणि म्हणाली, “दुसरी दाखवा. ही एक मिलिमीटर कमी आहे.”

“आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा कोणती, ठाऊक आहे?” मिस्त्री एकदा म्हणाला. “वजन. काढून टाकायचं. फुकट.”

मागची सीट निघाली. जास्तीचं चाक निघालं. चटया, डबे, छत्र्या निघाल्या. सगळ्यात मागे, घडी केलेली, आईची चाकाची खुर्ची होती. मिस्त्रीनं ती उचलून काट्यावर ठेवली, कारण तो जे काढी ते आधी तोली.

“सतरा किलो. ठेवायची?”

“राहू द्या,” ती म्हणाली.

तीन महिने ती खुर्ची गाडीतच राहिली. मग एका सकाळी तिनं स्वतःच ती उतरवून इस्पितळात देऊन टाकली. परत येताना गाडी चढावर सहज गेली, एसी चालू असताना. गाडी हलकी झाली याचं तिला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गावाबाहेर एका बंद कारखान्याचं पार्किंगचं मैदान होतं. दर रविवारी सकाळी तिथं काहीजण रबरी शंकू मांडून एकेक गाडी वेळ लावून पळवत. पैज नाही, बक्षीस नाही, फक्त वेळ. एक दंतवैद्यीण घड्याळ धरे, पोस्टातला एक कारकून शंकू मांडे, दोन-चार कॉलेजातली पोरं आरडाओरडा करत. पावनंबरबाई पहिल्या रविवारी शेवटची आली. सहा महिन्यांनी ती पोरांच्या पुढे होती. पोरं म्हणत, “काकू, तुमचे ब्रेक आम्हाला द्या.” ती म्हणे, “ब्रेक नकोत, डोळे घ्या. वळणाकडे बघू नका, त्याच्या पुढच्या वळणाकडे बघा.”

तिथं तिला लोक ओळखत, म्हणजे तिची वेळ ओळखत. अठ्ठावन्न पूर्णांक तीन सेकंद. बाकी ती कोण, कुठं राहते, घरी कोण आहे, कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. अकरा वाजता सगळे आपापल्या घरी जात. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, वेळ लिहून ठेवी आणि मग एका माणसाचा भात लावी. पाऊण वाटी. अर्धी लावली तर कमी पडे, एक लावली तर रात्रीलाही तोच खावा लागे.

अशात थोरलीचा फोन आला. थोरली बहीण साठीची, मेहुणे जाऊन वर्ष झालेलं, आता दुसऱ्या शहरात मुलगा-सुनेकडे.

“धाकटे, ऐक. मी येऊ का तुझ्याकडे? पंधरा दिवस राहून बघते. जमलं तर राहतेच मग.”

“राहतेच म्हणजे?”

“म्हणजे कायमची. का? नको असेन तर सांग बाई.”

“ये की,” पावनंबरबाई म्हणाली. फोन ठेवला आणि आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खोलीत पलंग तसाच होता. दोन माणसांचा भात म्हणजे दीड वाटी, तिच्या मनात आलं. आपल्याला हे किती हवंय, हे तिला इतके दिवस ठाऊकच नव्हतं.

मग तिला थोरलीची कंबर आठवली. दोन वर्षांपूर्वी थोरली सहा आठवडे पाठीवर झोपून होती. बसस्टँड इस्पितळाच्या समोरच. म्हणजे तेच अकरा गतिरोधक, आणि गाडी आता अशी की रस्त्यावर पडलेल्या काडीपेटीवरून गेली तरी माणसाच्या मणक्याला कळावं.

“सगळं जुनं परत बसवा,” तिनं मिस्त्रीला सांगितलं.

मिस्त्रीनं चांगला कान पुढं केला. “काय?”

“जुन्या स्प्रिंगा, जुने शॉक अॅब्सॉर्बर. माझ्या बाल्कनीत आहेत, पुसून ठेवलेत. मागची सळई काढा. मागची सीट बसवा.”

“अहो बाई, दीड वर्ष घालवलंत त्यात. थोडं मऊ, थोडं कडक असं मधलं काहीतरी करू.”

“मधलं नको. पार मऊ करा. पाण्याचा ग्लास ठेवला तर सांडता कामा नये.”

“बरं. पण हे काढलेलं सामान माळ्यावर ठेवा. परत लागेल.”

“नाही लागणार.”

आणि आपलं मन बदलू नये म्हणून तिनं त्याच रविवारी सगळं पोस्टातल्या कारकुनाला देऊन टाकलं. त्याची गाडी याच मॉडेलची होती. त्याला वाटलं, बाईंना काहीतरी आजार निघालाय. “तब्येत बरी आहे ना?” त्यानं हळूच विचारलं.

“बहीण येतेय राहायला,” ती म्हणाली. तिला बहीण आहे हे मैदानावर कुणाला ठाऊक नव्हतं.

थोरली आली ती एक सूटकेस घेऊन, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. गाडीत सीटवर दोन उश्या मांडलेल्या होत्या. तिनं त्या उचलून मागे फेकल्या. पावनंबरबाईनं त्या परत आणून तिच्या कमरेमागे आणि मानेखाली खोचल्या.

“अगं, मी काय लोणच्याची बरणी आहे का?”

“टेक तू. रस्ता खराब आहे.”

गाडी अकराही गतिरोधकांवरून दुधाच्या सायीसारखी गेली. थोरलीला त्यातलं काही जाणवलं नाही. न लागलेला धक्का कुणाला जाणवणार? ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि एकदाच म्हणाली, “सायकलवाले पुढं जातायत गं.”

पुढचे सात दिवस पावनंबरबाई अक्षरशः हवेत होती. दुकानातून धावत घरी. थोरलीसाठी गरम पाण्याची पिशवी, थोरलीसाठी मऊ भात, औषधांचा डबा वारांप्रमाणे लावून ठेवलेला. थोरली भांडी घासायला उठली की, “तू बस.” दिवा लावायला उठली की, “तू बस, मी लावते.” शेवटी थोरली म्हणाली, “एक घंटा तेवढी आणून दे उशाशी. वाजवायला. बाकी सगळी सोय झालीय.” पावनंबरबाई हसली. तिला तो विनोद वाटला. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना एका ठिकाणी तिनं खरोखरच एक छोटी पितळी घंटा हातात घेऊन पाहिली आणि मग ठेवून दिली.

आठवा दिवस रविवार. सकाळी सातला ती चहा घेऊन गेली तर थोरली पांढरे बूट घालून पलंगावर बसलेली.

“निघायचं ना?”

“कुठं?”

“तुझ्या त्या मैदानात.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या कुणीतरी व्हिडिओ टाकलाय, माझ्या पोरानं दाखवला. डोक्यावर हेल्मेट, चेहरा दिसत नव्हता, पण मी म्हटलं, ही आमची धाकटीच. ती गाडी काय वळत होती गं. सून म्हणाली, ही तुमची बहीण? मी म्हटलं, मग?” थोरलीनं बुटाची नाडी आवळली. “मग दुपारी सगळे झोपल्यावर परत बघितला. तीनदा बघितला. तेव्हाच ठरवलं, हिच्याकडे जायचं. पोराकडे मला दिवसभर सगळे म्हणतात, आई तू बस. म्हटलं, ही काही मला बसवून ठेवणार नाही.”

पावनंबरबाईनं कप खाली ठेवला. “तुझी कंबर…” ती म्हणाली.

“कंबर माझी आहे. चल.”

आणि पावनंबरबाई तिला घेऊन गेली. गाडीचं काय झालंय हे तिला ठाऊक होतं, पण थोरलीच्या तोंडावरचं ते औत्सुक्य पाहून ‘आज नको’ म्हणवेना. मनात कुठंतरी असंही होतं, की आपण चालवू तशी चालेल.

मैदानावर सगळे पुढे आले. दंतवैद्यीणबाईंनी थोरलीच्या डोक्यावर स्वतः हेल्मेट बसवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला. पोरं म्हणाली, “काकूंची ताई! आता बघा हं, आमची काकू कशी जाते ते.” थोरली दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली, शाळेतल्या पहिल्या दिवशी बसावं तशी.

पहिलं वळण पावनंबरबाईनं जुन्या हिशोबानं घेतलं आणि गाडी वळली नाही. आधी कलली, मग विचार करत राहिली, मग भलत्याच बाजूला झुकत निघाली. एक शंकू आडवा. दुसऱ्या वळणाला ब्रेक लावला तर नाक जमिनीत आणि शेपूट वर. दोन शंकू. थोरलीनं वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. तिसऱ्या वळणावर तिनं एक हात सोडला आणि तोंडावर धरला.

पावनंबरबाईनं गाडी मध्येच थांबवली. थोरली दार उघडून खाली उतरली, कडेला गेली, ओणवी झाली. कुणीतरी पाणी आणलं. वेळ कुणी सांगितली नाही.

“अशीच असते का गं ही?” थोड्या वेळानं थोरलीनं विचारलं. ती मागच्या सीटवर पाय बाहेर सोडून बसली होती. नुकतीच परत बसवलेली ती सीट, तिच्यावर त्या दोन उश्या.

“नाही. अशी नव्हती.”

“मग?”

“तुझ्यासाठी बदलली. धक्के बसू नयेत म्हणून.”

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. शंकूंकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. “मला विचारायचं तरी,” ती म्हणाली.

घरी जाताना पावनंबरबाईनं गाडी पुन्हा ताशी वीसनं नेली. उपाय नव्हता. व्हिडिओतली गाडी तीच होती, चालवणारी तीच होती, पण ते आता कुणालाच दाखवता येणार नव्हतं. सांगून थोडंच कळतं?

बुधवारी थोरलीनं सूटकेस भरायला घेतली. पंधरातले चार दिवस उरले होते.

“गाडीमुळे नाही गं,” ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “आणि तुझंही काही चुकलं नाही. तू करतेस ते कुणी पोटचं पोरही करणार नाही. पण तिकडं मी आजी आहे. इथं आले आणि आपली आई झाले. त्यापेक्षा आजी बरी.”

पावनंबरबाई दारात उभी होती. तिच्याजवळ वाक्य तयार होतं. राहा, मी नाही करणार असं, मला दुसरं काही येतच नाही पण मी शिकेन, राहा. सगळं वाक्य जुळवून झालं होतं. तोंडातून आलं ते, “सकाळची गोळी घेतलीस का?”

थोरलीनं घडी घालायची थांबवून तिच्या गालावरून हात फिरवला. “घेतली,” ती म्हणाली.

बसच्या खिडकीतून ती म्हणाली, “येईन पुन्हा. उन्हाळ्यात वगैरे.” बस हलली. पोचल्यावर फोन आला, मागे नातवंडांचा गोंधळ, अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही.

दोन रविवार ती मैदानावर गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात दुकान सुटल्यावर मिस्त्रीकडे गेली. तो फळीवर बसला होता, ग्लास हातात.

“कारकुनाकडून परत मागू का?” त्यानं विचारलं. “देईल तो. भला माणूस आहे.”

“दिलेलं मागू नये. दुसऱ्या बघा.”

“महिनाभर लागेल. तशा स्प्रिंगा रोज येत नाहीत.” त्यानं कानामागची पेन्सिल काढली, भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर तिच्या गाडीचा नंबर लिहिला. “कडकपणा ठरवायला माणसं सांगावी लागतील. गाडीत किती धरू? एकटंच माणूस असेल तर जरा हलक्या घेऊ, मस्त बसतात. दोन असतील तर जाड्या.”

बाहेर कुणीतरी टायर ठोकत होतं.

“दोन धरा,” ती म्हणाली.

मिस्त्रीची पेन्सिल थांबली. “दोघांच्या घेतल्या तर एकटीला कडक लागतील, बाई. रोज लागतील.”

“लागू द्या.”

त्यानं पुठ्ठ्यावर दोनाचा आकडा लिहिला.